न उघडायची चिठ्ठी

१

न उघडायची चिठ्ठी मी उघडली. हो, उघडली! बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि पोरांच्या मुठीतल्या शेकडो चिठ्ठ्या उघडल्या. त्यात ही आणखी एक.

सावित्रीच्या मागच्या अंगणात जास्वंदीच्या बुंध्याशी निर्माल्य टाकलेलं होतं. काल देवाला वाहिलेली फुलं, दुर्वा, आणि त्यात ती घडी केलेली चिठ्ठी, दवानं भिजून अर्धी उकललेली. देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि एक उचलली, की दुसरी न उघडता निर्माल्यात सोडायची, ही या घरची रीत. देवानं जे दिलं नाही ते बघू नये म्हणतात.

काल सावित्रीनं उचललेल्या चिठ्ठीवर निघालं होतं ‘टेकडीवरचं हॉटेल’. म्हणजे या दुसरीवर ‘नदीकाठचं हॉटेल’ असायला हवं होतं. निळी शाई जरा पसरली होती, पण वाचता येत होतं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

‘टेकडीवरचं हॉटेल’.

पाचच मिनिटांपूर्वी सावित्री पडवीत बसून मला म्हणाली होती, “मी नाय येत गो, पद्मजा. देवानंच नको म्हटलं, मग कशाला हट्ट करू?” आणि तोंड फिरवून तांदूळ निवडायला लागली होती. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती.

देवानं काही म्हटलं नव्हतं. देवाला कुणी बोलूच दिलं नव्हतं! माझ्या कानशिलात घणघण व्हायला लागलं. चिठ्ठी रुमालात बांधली, रुमाल कमरेला खोचला आणि कुणाला काही न सांगता मी फाटकाबाहेर पडले.

२

आता काय ते नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका हॉटेलापायी ही बाई एवढी का पेटली.

सावित्री सुर्वे माझी शाळेपासूनची मैत्रीण. शिरगावला तिची हापूसची बाग. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं सांभाळली, स्वतःच्या हातानं कलमं बांधली. कलम बांधायची ही विद्या पोर्तुगीजांबरोबर इकडे आली असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच, जिथून ती जहाजं निघाली तो लिस्बनचा नदीकाठ एकदा बघायचा. “आमच्या कलमांचं माहेर गो ते,” म्हणायची. वय चौसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले. एका दमात तीनशे पावलं चालते, मग बसावं लागतं. मी फाटकापासून विहिरीपर्यंत तिच्याबरोबर चालून मोजली आहेत.

२००२च्या दिवाळीत आमचं ठरलं. जानेवारीत जायचं, तेव्हा तिकडे गर्दी नसते आणि खोल्या स्वस्त मिळतात. आम्ही दोघी, आणि शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर दत्ताभाऊ व त्यांची बायको गोदा. मारुती आळीत यज्ञेशचं प्रवासाचं ऑफिस आहे, तो माझाच विद्यार्थी. त्यानं दोन हॉटेलं काढली आणि दोन्हींची माहिती एकाच कागदावर छापली, वर मोठे निळे मथळे. चार प्रती निघाल्या. एक मला, एक सावित्रीला, एक दत्ताभाऊंना, एक त्याच्या ऑफिसात.

टेकडीवरचं हॉटेल थोडं स्वस्त. खिडकीतून अख्खं शहर दिसतं, सकाळची न्याहारी फुकट, आणि खाली लिहिलेलं, ‘शहराच्या मध्यापासून पाच मिनिटं’. पाच मिनिटं! कुणाच्या पायांची पाच मिनिटं? मी नकाशा मागवला, भिंग लावलं. समोच्च रेषा बघते तर मुंग्यांच्या रांगेसारख्या चिकटलेल्या, म्हणजे खडा चढ. सायबर कॅफेत बसून हॉटेलला मेल केली, पायऱ्या किती? उत्तर आलं, एकशे बारा. लिफ्ट नाही. कागदावर यातलं अक्षर नाही! असली माहिती छापणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभा केला असता.

नदीकाठचं हॉटेल जुनं, खोल्या लहान, न्याहारी नाही. पण लिफ्ट आहे, रस्ता सपाट, आणि दारापासून नदीवरच्या मोठ्या चौकापर्यंत सावित्रीची एकशे ऐंशी पावलं. मी तिच्या प्रतीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं नकाशा काढून दिला, कुठे वळायचं, कुठे बसायचं, सगळीकडे पावलांचे आकडे घालून. तिनं तो कागद आरशामागे ठेवला होता. रोज काढून बघायची.

दत्ताभाऊ आणि गोदा टेकडीवर अडले, आम्ही दोघी नदीवर. दोन विरुद्ध दोन. तेव्हा सावित्रीचा मुलगा अनिश म्हणाला, “भांडता कशाला? चतुर्थीला आमच्या देवासमोर चिठ्ठ्या टाकू. देव सांगेल.”

मला पटलं नव्हतं. हॉटेलात देवाला उतरायचं आहे की सावित्रीला? पण ती हरखून “होय” म्हणाली आणि मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

३

फाटकातून निघाले ती थेट दत्ताभाऊंच्या दारात. संशय पहिला त्यांच्यावरच. टेकडी त्यांना हवी होती, आणि चिठ्ठ्याही त्यांनीच केल्या होत्या. नवा कागद फाडायला त्यांचा जीव होत नाही, म्हणून स्वतःच्या प्रतीतले दोन निळे मथळे कापून त्यांच्या घड्या केल्या होत्या. तसं करणार हे त्यांनी चार दिवस आधीच सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं.

“दत्ताभाऊ, तुमचा कागद दाखवा.”

“कोणता कागद? बसा तरी, पन्हं घेता?”

“डिसेंबरात पन्हं? कागद दाखवा आधी!”

गोदानं फळीवरून कागद काढून दिला. दोन भोकं होती, एक वर, एक मध्यावर. दोन्ही मथळे कापलेले. म्हणजे त्यांनी नदी आणि टेकडी दोन्ही कापले होते हे खरं.

“कापल्यावर काय केलंत?”

“तुमच्यासमोरच तर घड्या केल्या. वाटीत टाकल्या, वाटी देवघराच्या उंबऱ्यावर ठेवली. आत अनिश पूजेला बसला होता, त्यानं ती आत घेतली. मी नंतर हातही लावला नाही.” मग त्यांचा चेहरा पडला. “का हो, काय झालं?”

मी रुमाल सोडून चिठ्ठी दाखवली. दत्ताभाऊ लालबुंद झाले. “म्हणजे मी? मी देवापुढे लबाडी करीन? चाळीस वर्षं लोकांची पाकिटं हाताळली, एक उघडून बघितलं नाही!”

“मग पायऱ्यांचं सांगितल्यावरही टेकडीला का चिकटलात?”

गोदाच म्हणाली, “यांना वाटलं सावित्रीवैनी खोलीत बसून शहर बघतील. खिडकी आहे ना.”

खिडकी आहे ना! अडीच हजार कोस जाऊन बाईनं खिडकीत बसायचं? मी त्यांना जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. पण स्वार्थ वेगळा आणि लबाडी वेगळी. मथळ्यांची दोन भोकं माझ्या डोळ्यांसमोर होती. त्यांच्या कागदातून ‘टेकडी’ एकदाच निघू शकत होती.

मग दुसरी ‘टेकडी’ कुठल्या कागदातून आली?

४

माझी प्रत माझ्या पिशवीत, धड. उरल्या दोन. मी रिक्षा केली आणि मारुती आळीत उतरले.

यज्ञेश मला बघून उठून उभा राहिला. तो वर्गातही असाच पटकन उठायचा, गृहपाठ नसला की.

“बाई, तुम्ही? फोन करायचा ना.”

“टेकडीवाल्यांकडून तुला काही मिळतं का रे?”

“मिळतं थोडं, बाई. चौघांची सोय लावली तर. नदीवाल्यांकडूनही मिळतं.” लपवाछपवी नाही. मग त्यानं कान पकडल्यासारखं तोंड केलं. “पायऱ्यांचं मला ठाऊक नव्हतं. त्यांनी जे पाठवलं ते मी मराठीत केलं.”

“नकाशा बघायला हात मोडले होते? तुला मी समोच्च रेषा शिकवल्या होत्या!”

“होय, बाई.”

“तुझी प्रत काढ.”

त्यानं फाइलीतून काढली. पूर्ण, एकही भोक नाही. पण यज्ञेशच्या टेबलावर संगणक होता, शेजारी प्रिंटर. याला भोक पाडायची गरजच काय? हा दहा प्रती काढील!

“आत्ताच्या आत्ता मला एक प्रत छापून दे,” मी म्हटलं.

प्रिंटर कुरकुरला आणि कागद बाहेर आला. मथळे काळे. “रंगीत शाई संपली, बाई. तुमच्या चार प्रती काढल्या आणि त्याच दिवशी संपली. मुंबईहून मागवली आहे, अजून आली नाही.” शेजारच्या झेरॉक्सवाल्याला मी बाहेर येऊन विचारलं, त्यानंही सांगितलं की पंधरा दिवस यज्ञेश काळंच छापतोय.

माझ्या रुमालातला मथळा निळा होता. म्हणजे तो त्या चारांपैकीच एका कागदातला. माझा धड, यज्ञेशचा धड, दत्ताभाऊंच्या कागदात ‘टेकडी’ एकच. उरला एकच कागद, आणि तो कुणाचा हे मनात येताच मी आळीतून परत आत वळले. यज्ञेशच्या बाकावर बसून मी चिठ्ठी पालथी केली आणि भिंग लावलं.

दवानं शाई पसरते, पेन्सिल पसरत नाही. मागे पेन्सिलीची एक रेघ होती, रेघेशेजारी आकडा. १८०. अक्षर माझं!

५

चिठ्ठी सावित्रीच्या प्रतीतून कापलेली होती. तिचा रोज बघायचा नकाशा चिरून तिलाच फसवलं होतं.

रिक्षात मी एक फार वाईट विचार केला, तो कबूल करते. सावित्रीनंच तर नाही? ऐन वेळी धीर सुटला, आम्हाला नाही म्हणवेना, म्हणून देवावर ढकललं? पण मग आठवलं. तिला देवघराचा उंच उंबरा चढवत नाही. ती बाहेर खुर्चीवर बसली होती आणि वाटी तिच्यापुढे आणून धरली होती. डोळे मिटून तिनं एकच चिठ्ठी उचलली. त्याआधी वाटी तिच्या जवळपासही नव्हती. आणि टेकडी ऐकल्यावर तिचा जो चेहरा झाला होता, तो नाटकाचा नव्हता.

मी पुढच्या दारानं न जाता मागे गेले. सून अपूर्वा विहिरीपाशी कपडे पिळत होती. ती पॅथॉलॉजीचं शिकलेली, जानेवारीपासून एका लॅबमध्ये नोकरीला लागणार होती. तिची मुलगी मनस्वी चार वर्षांची.

“काल तू देवघरात गेली होतीस?”

“नाही, बाई. माझा कालचा दुसरा दिवस. चार दिवस मी तिकडे फिरकत नाही, घरची पद्धत आहे.”

ही पद्धत मला मुळीच मान्य नाही आणि अपूर्वाला मी तसं पुष्कळदा बोलले आहे. पण काल त्याच पद्धतीनं तिला सोडवलं. वाटीला तिचा हात लागणं शक्यच नव्हतं.

“तू कामाला लागलीस आणि सावित्री लिस्बनला गेली, तर मनस्वीला कोण बघणार होतं?”

“माझी आई येणार होती की केळशीहून. दोन आठवडे. मी महिन्यापूर्वीच ठरवलंय.” ती पिळा हातात धरून थांबली. “अनिशना ते आवडलं नव्हतं. म्हणत होते, आपली आई नसली की घर घर वाटत नाही. सासूबाईंसमोर अवघडल्यासारखं होतं. चहासुद्धा मागता येत नाही.”

“आरशामागचा कागद बघितलास?”

“परवापासून दिसत नाही. आईंनी दोनदा शोधला. अनिश म्हणाले, कुठल्यातरी रद्दीत गेला असेल.” मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि पिळा बादलीत टाकला. “बाई, परवा सकाळी ते बंबात कागद जाळत होते.”

६

मी पडवीत गेले. सावित्री अजून सूप घेऊन बसली होती. अनिश झोपाळ्यावर पेपर वाचत होता, पस्तिशीचा बाप्या. मी त्याच्या हातातला पेपर काढून बाजूला ठेवला.

“अनिश, काल तू गाऱ्हाणं काय घातलंस ते परत म्हण.”

“आं? आता कशाला, बाई?”

“मी म्हणते मग.” माझी स्मरणशक्ती अजून शाबूत आहे. “‘बा देवा महाराजा, माझ्या आईला घरात सुखी ठेव, सुखरूप ठेव. लेकरानं अजाणता काही चूक केली असेल तर पोटात घाल.’ आणि आम्ही सगळे बावळटासारखे ‘होय महाराजा’ म्हणालो. या गाऱ्हाण्यात लिस्बन कुठे होतं? हॉटेल कुठे होतं? ‘तुझा कौल दे’ हे कुठे होतं? चिठ्ठ्या टाकायच्या आणि देवाकडे कौल मागायचा नाही, असं या घरात कधी झालंय का?”

सावित्रीचे हात सुपात थांबले.

“तू माणसांना फसवलंस, पण देवाशी खोटं बोलायला घाबरलास,” मी म्हटलं. “कौल मागितला असतास तर ते खोटं झालं असतं, कारण वाटीत कौल नव्हताच. म्हणून नुसती माफी मागून घेतलीस. अजाणता म्हणे!”

मी चिठ्ठी सावित्रीच्या मांडीवर ठेवली, आधी सुलटी, मग उलटी. एकशे ऐंशीचा आकडा तिनं लगेच ओळखला. त्यावरून तिनं अंगठा फिरवला.

“यज्ञेशची प्रत बघून आले, ती धड, माझीही धड. दत्ताभाऊंनी वाटी उंबऱ्यावर ठेवली. ती आत घेऊन पूजा करणारा तू एकटा. नदीची चिठ्ठी काढलीस, ही टाकलीस. उरलेला नकाशा तू आदल्याच दिवशी बंबात घातला होतास. एक चूक केलीस, निर्माल्य जास्वंदीखाली टाकलंस. कारण कुणी उघडणार नाही याची तुला खात्री होती. आम्ही सगळे रीत पाळणारे ना!”

अनिशचं तोंड उतरलं होतं. “आई, तुझे गुडघे... परक्या मुलखात काही झालं असतं तर? मला काळजी वाटली.”

“काळजी होती तर तोंडानं का नाही सांगितलीस?” मी भडकले. “ती ऐकली असती नाहीतर भांडली असती. तेवढीही संधी दिली नाहीस! दोन आठवडे चहा कोण करणार ही तुझी काळजी. तिला घरात बांधून घातलंस, आणि गाठ देवाच्या हातानं मारलीस. काल रात्रभर ही बाई आपल्या देवावर रुसून बसली होती रे!”

“पुरे गो, पद्मजा,” सावित्री म्हणाली.

मी थांबले. मला वाटलं आता ही रडेल, आणि आईच ती, पोटातही घालील. सावित्रीनं सूप खाली ठेवलं, काठी घेतली आणि उठली.

“यज्ञेशची प्रत आणलीस तू?”

आणली होती. पुरावा म्हणून पिशवीत टाकली होती.

“आणि तुझी? दोन्ही दे. अपूर्वा, कात्री आण गो.”

तिनं कात्री अनिशच्या हातात दिली. “दोन्हीतले नदीचे मथळे काप.”

“आई...”

“काप.”

त्यानं कापले. तिनं सांगितलं तशा घड्या केल्या, वाटीत टाकल्या, वाटी देवघरात नेऊन देवापुढे ठेवली. सावित्री उंबऱ्यापाशी आली. त्या घरात गाऱ्हाणं नेहमी पुरुषानं घातलेलं. तिनं काठी माझ्या हातात दिली, चौकट धरली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

“बा देवा महाराजा! आजपर्यंत या घरातलं सगळं मी केलं. कलमं बांधली, पोर वाढवलं, नात खेळवली. आता मी जानेवारीत लिस्बनला जातंय. तुझा कौल मागत नाय, नुसतं सांगतंय. तुझ्या नावानं कुणी काय लबाडी केली असेल तर त्याचा कान तू धर, नायतर मी धरतंय!”

“होय महाराजा!” अपूर्वा मागून ओरडली. देवघरापासून चार हात लांब उभी होती, पण आवाज पार देवापर्यंत गेला. कडेवरची मनस्वी टाळ्या पिटायला लागली. मीही म्हणाले, चांगलं मोठ्यानं.

“आता उचल,” सावित्री लेकाला म्हणाली. “डोळे मीट. लबाडी नको.”

अनिशनं डोळे मिटून वाटीत हात घातला, घडी उलगडली, आणि मान खाली घालून वाचली. “नदीकाठचं हॉटेल.”

“बघ, देवानं कसं ऐकलं.” तिनं ती चिठ्ठी त्याच्याकडून घेऊन चोळीत ठेवली. “दुसरी निर्माल्यात सोड. आणि उघडायची नाय हं. रीत आहे.”

तो वाटी घेऊन मागच्या दाराकडे निघाला तेव्हा तिनं त्याला पुन्हा हाक मारली.

“येताना चूल पेटव आणि चहा टाक. चौघांचा. शिकून घे, जानेवारीत तुझ्या सासूबाईंना करून द्यायचाय.”